एलएलपीचे ईसॉप आणि काकूंची रोजकीर्द

जीएसटी भरणाऱ्या माणसाला 20 तारखेच्या आगेमागे मुलाखतीला बोलावायचं नसतं. जे बोलावतात त्यांच्याकडे अकाउंट्सला कुणी नाही, हे फोनवरच कळतं. मला 19 तारखेला बोलावलं होतं. रविवार होता, आमच्या कंपनीची 3बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरून झाली होती, म्हणून गेले. भोसरीला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. व्हेंडरांच्या त्याच त्या तक्रारींचा कंटाळा आला होता आणि जाहिरातीत ‘फायनान्स हेड’ लिहिलं होतं. खोटं कशाला बोला, पदनाम वाचूनच गेले.

पत्ता वारज्याचा, सोसायटीतला टू बीएचके. दारावर दोन पाट्या. वर आडनाव, खाली कंपनीचं नाव आणि शेवटी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. आत सोफा भिंतीला सरकवून दोन टेबलं मांडलेली, हवेत सोल्डरिंगचा वास, टीव्हीच्या जागी सर्किट बोर्डांचे खोके. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत जमिनीतली ओल मोजून ठिबकचा वॉल्व्ह उघडबंद करणारी डबी ही मंडळी बनवतात. मंडळी म्हणजे दोघंच. एक आयटीतली नोकरी सोडलेला इंजिनियर, दुसरा राहुरीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला. घर इंजिनियरचं. त्याच्या आईने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

इंजिनियरने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मॅडम, तुमचं पाच वर्षांचं व्हिजन काय?’’ मी म्हटलं, ‘‘ते सांगते, पण उद्या 20 आहे. तुमची 3बी कोण भरतं?’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राहुरीवाल्याने लॅपटॉप उचलून माझ्यासमोर ठेवला. तिथे मुलाखत संपली म्हणायची की सुरू झाली, देव जाणे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला माल विकणाऱ्यांनी आपापल्या रिटर्नमध्ये जी बिलं दाखवली, त्यांचा तक्ता दर महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर तयार होतो. तो 2बी. बिल हातात आहे पण 2बीत नाही, तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. यांच्याकडे बिलांची फाइल जाडजूड आणि 2बी जेमतेम पानभर. का, ते दहा मिनिटांत दिसलं. सगळे सुटे भाग ऑनलाइन मागवलेले, पण इंजिनियरच्या स्वतःच्या खात्यावरून. बिलावर त्याचं नाव, घरचा पत्ता, आणि फर्मचा 27 ने सुरू होणारा तो पंधरा अक्षरी जीएसटी नंबर कुठेच नाही. सेन्सर चीनवरून कुरिअरने आलेले. कुरिअरवाल्याने केवायसी मागितल्यावर याने आधार पाठवून दिलं. म्हणजे कस्टम्सच्या लेखी माल मागवला या माणसाने, फर्मने नाही, आणि आयातीवरचा आयजीएसटी गेला तो गेलाच. आयात-निर्यातीचा कोड 500 रुपयांत निघतो हो! एवढे सर्किट डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावं?

वर उलाढाल 5 कोटींच्या आसपाससुद्धा नाही. तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरायची तिमाही योजना घेता आली असती, पण यांची 3बी भरणाऱ्या कन्सल्टंटने कधी सांगितलंच नाही. त्याला महिन्याचे पैसे मिळतात, तो कशाला सांगेल? कहर म्हणजे डिजिटल सहीचं टोकनही त्याच्याच ड्रॉवरमध्ये. आपली सही दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून निवांत झोपणारे धंदेवाले मी पुण्यात इतके पाहिलेत, की आता नवल वाटत नाही, नुसता राग येतो. राहुरीवाल्याने लगेच कन्सल्टंटला फोन लावला. तो लोणावळ्याला होता.

पोहे आले. मग इंजिनियर मूळ विषयावर आला. ‘‘सध्या पगार तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा थोडा कमी असेल, पण आम्ही ईसॉप देऊ, म्हणजे पुढे शेअर घ्यायचा हक्क. दोन टक्के.’’

‘‘कशाचे?’’

‘‘कंपनीचे.’’

‘‘दारावर एलएलपी लिहिलंय. एलएलपीला शेअर नसतात. ज्याचे शेअरच नाहीत त्याचे ईसॉप कसे देणार? एक तर मला भागीदार करा, नाहीतर आधी प्रायव्हेट लिमिटेड व्हा.’’

राहुरीवाला हसायला लागला. ‘‘मी सांगत होतो तुला,’’ तो म्हणाला. त्याने काही सांगितलं नसावं, पण हसणं खरं होतं. एलएलपी का केली विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘स्वस्त पडते म्हणून.’’ ते बरोबरच आहे. उलाढाल 40 लाखांच्या आत आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल तर ऑडिटसुद्धा लागत नाही. पण मग गुंतवणूकदाराच्या गप्पा मारायच्या नसतात. आणि हे मारत होते. ‘‘आमच्याकडे एक एंजल आहे,’’ इंजिनियर दोनदा म्हणाला.

एक्सेलमध्ये ‘एंजल’ नावाचा कॉलम खरोखर होता. बेरीज 11,40,000. पण तारखा नाहीत, बँकेचा तपशील नाही. मी विचारलं, कधी कधी आले, कोणत्या खात्यातून आले? इंजिनियर म्हणाला, ‘‘ते आईकडे लिहिलेलं असेल.’’

काकू आतून लांबट लाल वही घेऊन आल्या. पतसंस्थेत कॅशियर होत्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी वही उघडली. रोजकीर्द! डावीकडे जमा, उजवीकडे नावे, दर दिवसाच्या शेवटी शिल्लक ओढलेली. एक खाडाखोड नाही. कुरिअरचे 340 रुपये, निफाडच्या फेरीचं डिझेल आणि टोल, तुटलेल्या डब्यांचे परत दिलेले पैसे. एवढंच काय, राहुरीवाल्याला दिलेले उसने अडीचशेसुद्धा. मागे खतावणीही होती, खातंनिहाय. एक्सेलमधून जे तासभर निघत नव्हतं ते या वहीतून वाचत वाचत निघालं. आमच्या ऑफिसातली दोन एमबीए मुलं मिळून असं लिहू शकणार नाहीत.

आणि दर महिना-दीड महिन्याने जमेच्या बाजूला एक ओळ: ‘स्वतःच्या ठेवीतून, चेक क्र. अमुक.’ 80,000. 1,50,000. 2,00,000. मी बोट ठेवून बेरीज केली. 11,40,000.

मी मान वर केली तर इंजिनियर चार्जर शोधत होता.

एक मात्र सांगायला हवं. काकूंनी एक रुपयाही रोखीने दिलेला नव्हता. 20,000 किंवा त्याहून जास्त रोखीने उसने घेतले तर आयकरात तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. हे मुलाला माहीत नव्हतं, आईला होतं. पण पैसे दिले कशापोटी, याचा एकही कागद नाही. कर्ज म्हणून करार नाही, आणि भागीदार म्हणून त्यांचं नाव नाही. उद्या हे दोघं भांडले किंवा धंदा बुडाला, तर कायद्याच्या दृष्टीने काकू कोण? मी हे तिघांसमोर स्पष्ट सांगितलं. कर्ज म्हणून घ्यायचं तर करार करून व्याज ठरवा, भागीदार करायचं तर करारनामा बदला, फॉर्म 3 आणि 4 भरा. मुदत तीस दिवसांची. राहुरीवाल्याने लिहून घेतलं. इंजिनियर म्हणाला, ‘‘आईचेच तर आहेत.’’ हे वाक्य मी भोसरीतही ऐकलंय, बापाच्या, सासऱ्याच्या, बायकोच्या नावाने, आणि बहुतेक वेळा वकिलाच्या खोलीबाहेर.

काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘तुझं लग्न झालंय का? संध्याकाळी किती वाजता निघावं लागतं?’’ माझ्या मुलाखतीत विचारलेला हा एकमेव कामाचा प्रश्न.

डबी चांगली आहे, हे जाताजाता लिहून ठेवते. राहुरीवाल्याने मला बाल्कनीतल्या कुंडीत लावून दाखवली, तांब्याभर पाणी ओतलं, आणि आकडा हलला. नाशिकच्या ज्या बागायतदारांनी घेतली त्यांतल्या काहींनी दुसऱ्यांदा घेतली आहे, ते मी विक्रीच्या बिलांवरून पडताळून पाहिलं. धंदा अगदीच हवेतला नाही. म्हणून तर गोंधळ आहे. तो फालतू असता तर घरी येऊन नवऱ्याला किस्सा सांगून हसले असते.

मंगळवारी ऑफर आली, ईमेलवर, ‘ईसॉप’ शब्द तसाच ठेवून. बुधवारी दुपारी काकूंचा फोन. नंबर वहीच्या कामासाठी मीच दिला होता.

‘‘तुला सध्या हातात किती येतात गं?’’

मी सांगितलं.

‘‘मार्चपर्यंत जमेल. एक ठेव शिल्लक आहे. पुढचं त्यांनी विकून दाखवायचं. पण तू येणार असशील तर पहिल्या दिवशी माझा तो करार करून घे, ते दोघं करणार नाहीत.’’

म्हणजे माझा पगार त्या ठेवीतून येणार, आणि ती ठेव सुरक्षित राहावी म्हणूनच मी तिथे जायला हवं. आमच्या कंपनीत नोटीस साठ दिवसांची आहे. कर्जाच्या कराराचा मसुदा मी काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवलाय, फुकट. ऑफरला अजून उत्तर दिलेलं नाही.