मेन्झेलची माणूस नसलेली खोली

मंगळवार, रात्री उशिरा

जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेलचं 'बाल्कनीची खोली' आज पुन्हा मोठं करून पाहत बसले. १८४५ सालचं चित्र, बर्लिनमधलं त्याचं राहतं घर. उघडं दार, वाऱ्याने आत फुगलेला पांढरा पातळ पडदा, जमिनीवर सांडलेलं ऊन, एकमेकींकडे पाठ केलेल्या दोन खुर्च्या. उजवीकडच्या आरशात पट्ट्यापट्ट्यांचा सोफा आणि सोनेरी चौकटीतली तसबीर स्पष्ट दिसते. समोरच्या भिंतीवर मात्र तसबिरीचा मागमूस नाही, नुसता फिकट रंगाचा एक फटकारा. ती भिंत अर्धवट राहिली असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. याहून पुढे ब्रश फिरला असता तर ती हवा गेली असती.

तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. १८३२ साली वडील गेले, तेव्हापासून शिळाछापाची कामं करून आई आणि भावंडांना पोसत आलेला. उंची जेमतेम साडेचार फूट. नाव झालं ते प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या चरित्रासाठी काढलेल्या चारेकशे चित्रांमुळे. ही खोली मात्र त्याने स्वतःजवळच ठेवली. कित्येक दशकं लोकांना तिचा पत्ता नव्हता. या गोष्टीने जीव हळहळतो.

मग 'लोखंडाची रोलिंग मिल' उघडलं, म्हणजे तापलेलं लोखंड रुळांमधून दाबून लांबवण्याच्या कारखान्याचं चित्र. १८७२ ते ७५, सायलेशियातल्या (आज पोलंडमधल्या) क्योनिग्सह्युट्टेचा कारखाना, शंभरावर रेखाटनं करून उभं केलेलं अडीच मीटर रुंद चित्र. मधोमध तापून लाल झालेलं लोखंड, भोवती चिमटे घेतलेले कामगार. माझी नजर दर वेळी उजव्या कोपऱ्यात जाते. तिथे पत्र्याच्या आडोशाला काही जण जेवतायत, एकाने बाटली तोंडाला लावलीय, आणि टोपलीशी वाकलेली डबेवाली पोरगी थेट आपल्याकडे बघतेय. डावीकडे पाळी संपलेले अंग धुतायत. त्या जेवणालाही मेन्झेलने भट्टीइतकंच निरखलंय, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो.

त्याच फ्रेडरिक राजाच्या बासरीवादनाची मैफलही त्याने रंगवली, आणि साठीला आल्यावर, १८७६ साली, स्वतःचा उघडा पाय. नखं, फुगलेल्या शिरा, सगळं. उद्या तो पाय नीट बघायचा आहे.