तारकर्लीची बॅग: सनस्क्रीन चमच्याने मोजून

एप्रिलची अखेर, तारकर्ली, चार दिवस. माणसं चार: दोघं मोठी, एक दहा वर्षांचा, एक सात वर्षांची. या सहलीची बॅग भरताना मी सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला ५ मिलीचा मापाचा चमचा बाहेर काढते. ट्यूब कुठली, एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) किती, हे नंतर.

कारण साधं आहे. डब्यावर छापलेला एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्रॅम क्रीम लावलेलं असतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला हा थर द्यायचा तर साधारण ३५ मिली लागतं, म्हणजे सात चमचे: चेहरा-मान-कान मिळून एक, दोन हातांना एकेक, पुढून एक, पाठीला एक आणि दोन पायांना एकेक. घरोघरी लावलं जातं ते याच्या निम्म्याहूनही कमी. निम्मा थर दिला की ५० चा एसपीएफ ५० राहत नाही, खूप खाली येतो. ३० आणि ५० मधला फरक मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. पुरेसं लावलं तर ३० चं साधारण ९७ टक्के आणि ५० चं ९८ टक्के किरण अडवतं. म्हणून ७० आणि १०० च्या मागे लागण्यापेक्षा जास्त मिलीला पैसे घालावेत, असं माझं मत आहे.

आता हिशेब. चौघांनी बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्ड्या घातल्या तर ५० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला दोन वेळाही पुरत नाही. इतकं क्रीम न्यायला कुणाला परवडणार? म्हणून बॅगेत पहिली वस्तू कपडे. पूर्ण बाह्यांचा, गळाबंद पोहण्याचा टीशर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी, चौघांनाही. लेबलवर यूपीएफ (कपड्यासाठीचा तसाच आकडा) ५० लिहिलेलं असेल तर उत्तम. घरातला जुना पांढरा सुती टीशर्ट या कामाचा नाही. कोरडा असतानाही तो जेमतेमच अडवतो, आणि भिजून अंगाला चिकटला की आणखी कमी. पातळ पांढऱ्यापेक्षा घट्ट विणीचा गडद कपडा बरा. उजेडासमोर धरून बघायचा. आरपार दिसलं तर ऊनही आरपार जातं.

असे कपडे घातल्यावर उघडं राहतं ते एवढंच: चेहरा-मान-कान, हातांचे पंजे, गुडघ्याखालचे पाय. मोठ्या माणसाला एका वेळेला चेहऱ्याला ५, पंजांना अडीच आणि पायांना १० मिली, एकूण साडेसतरा. दहा वर्षांच्या मुलाला याच्या साधारण ६० टक्के, सात वर्षांच्या मुलीला निम्मं. दिवसातून तीन वेळा, समुद्राचे दिवस तीन, कारण पहिला दिवस गाडीतच जातो. मोठ्या दोघांचं मिळून ३१५ मिली, मुलांचं १७५ च्या आत. म्हणून मी घेते ते असं: पाण्यात टिकणाऱ्या लोशनच्या २०० मिलीच्या दोन बाटल्या, एक मोठ्यांच्या हातापायांची आणि एक मुलांची, शिवाय मोठ्यांच्या चेहऱ्यासाठी ५०-५० ग्रॅमच्या दोन ट्यूब. मोठ्यांच्या बाटलीत २५ मिली कमी पडतं, तेवढंच मुलांच्या बाटलीत उरतं. चेहऱ्याच्या प्रत्येक ट्यूबमध्ये ५ ग्रॅम उरतं ते पहिल्या दिवशी गाडीत. बाजूच्या काचेतून यूव्हीए, म्हणजे उन्हातले कातडी रापवणारे किरण, आत येतो, आणि गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात घाट उतरेपर्यंत त्याच उन्हात असतो. त्या हातावर पूर्ण बाही.

विकत घेताना लेबलवर तीन गोष्टी बघते. एसपीएफ ३० किंवा ५०. पीए+++ किंवा त्याहून जास्त, म्हणजे यूव्हीएचीही सोय झाली. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे कातडी लाल करणाऱ्या किरणांचा हिशेब सांगतो. आपल्या सावळ्या रंगाला लाली पटकन दिसत नाही, पण रापणं आणि वांगाचे डाग गडद होणं यात यूव्हीएचा वाटा मोठा. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्यात ४० मिनिटं की ८० मिनिटं टिकतं ते. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबायचं नाही, अमेरिकेत तर तो लेबलवर छापायलाही बंदी आहे. ज्यांना वांग आहे त्यांनी चेहऱ्यासाठी रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग गडद व्हायला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं. डोळ्यांत गेलं तरी कमी झोंबतं. त्याने चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, पण कुठे लावायचं राहिलं ते लांबूनही कळतं, आणि मुलांच्या बाबतीत हे फायद्याचं आहे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बरोबर असेल तर त्याला क्रीम नाहीच. सावली, टोपडं आणि अंगभर कपडे.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत आणि स्कूबा, स्नॉर्केलिंग चालतं ते तिथेच. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे दोन घटक प्रवाळांना घातक ठरू शकतात, म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून ते असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे. बाटलीमागच्या यादीत ही दोन नावं असतील तर ती बाटली मी परत ठेवते. तसंही मोठं काम बाह्या करतात, पाण्यात क्रीम कमीच उतरतं.

खरेदी निघण्याच्या दहा दिवस आधी. नवीन क्रीम रोज थोडंसं कोपराच्या आतल्या बाजूला, चार-पाच दिवस. खाज किंवा पुरळ आलं तर बदलायला वेळ राहतो. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक आम्लाच्या क्रीम एक आठवडा आधी बंद, त्या बॅगेत येतच नाहीत. वॅक्सिंग किंवा दाढी आदल्या दिवशी करू नये, किमान दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत, नाहीतर खारं पाणी चांगलंच झोंबतं. रोजच्या गोळ्यांमध्ये डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर अशा माणसाला ऊन लवकर बाधतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारायचं आणि सावली वाढवायची.

भरताना तीन वेगळे पाऊच. पहिला किनाऱ्यावर जाणारा: दोन्ही बाटल्या, चेहऱ्याची एक ट्यूब, एसपीएफ ३० चा लिप बाम, एक सनस्क्रीन स्टिक आणि तो चमचा. स्टिक वाळू लागलेल्या हातांनी लावता येते, आणि स्नॉर्केलिंगच्या मास्कखाली उपयोगी पडते. मास्कची सिलिकॉनची कड जिथे टेकते तिथे तेलकट लोशन असेल तर मास्क सरकतो, पाणी आत येतं आणि पाण्याबरोबर लोशन डोळ्यात. मास्कच्या कडेखाली काही नाही, कडेबाहेर स्टिक. दुसरा पाऊच खोलीवरचा: सौम्य साबण, साधं मॉइश्चरायझर, कोरफडीचा गर, कॅलामाइन, पॅरासिटामॉल, व्हॅसलिन. व्हॅसलिन मांड्यांच्या आतल्या बाजूला समुद्रात जाण्याआधीच लावायचं. ओली चड्डी आणि वाळू मिळून तिथली कातडी सोलतात, आणि मग उरलेले दिवस फेंगडं चालावं लागतं. तिसरा पाऊच डासांचा. संध्याकाळी सनस्क्रीन लावायची वेळ असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचं क्रीम. डीट (डास पळवणारं रसायन) असलेल्या मलमामुळे सनस्क्रीनचा एसपीएफ कमी होतो. दोन्ही एकत्र असलेली क्रीम मी घेत नाही, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं आणि डासांचं तेवढ्यांदा लावायचं नसतं.

पंपाच्या बाटलीचं तोंड फिरवून बंद करते, त्यावर चिकटपट्टी, मग झिपची पिशवी. दुसऱ्या डबीत ओतून नेत नाही. डबी बदलली की मुदतीची तारीख हरवते. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि आत १२ असेल तर उघडल्यापासून बारा महिने. गेल्या उन्हाळ्यातली अर्धी बाटली म्हणून तारीख बघूनच घ्यायची. गाडीत डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली बाटली ठेवली तर क्रीम फुटतं: वर पाणी, खाली दाणेदार गोळा. हलवून ते सारखं दिसू लागलं तरी अंगावर सारखं पसरत नाही. असं झालेलं टाकायचं. किनाऱ्यावर बाटली ओल्या पंचात गुंडाळून पिशवीत, सावलीला.

टोपी क्रिकेटची नको. कान आणि मान उघडी राहतात. चारी बाजूंनी किमान साडेसात सेंटीमीटर काठ असलेली, आणि हनुवटीखाली बांधायला नाडी, नाहीतर होडीत पहिल्या वाऱ्याला जाते. गॉगल यूव्ही ४०० चा. छत्रीही घ्यावी, आपल्याकडे ती उन्हाला वापरायची लाज वाटायचं कारण नाही.

किनाऱ्यावरचं वेळापत्रक बॅगेइतकंच महत्त्वाचं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि मालवण साडेत्र्याहत्तरच्या आसपास आहे. त्यामुळे तिथे सूर्य सगळ्यात वर येतो तो बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर. म्हणजे सकाळी दहाला जेवढं ऊन तेवढंच दुपारी तीनला. तीन वाजले म्हणून मुलं उठली की हे लक्षात ठेवायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात तर मालवणात शून्य सावलीचा दिवस येतो आणि या दिवसांत दुपारचा यूव्ही निर्देशांक ११ च्या वर सहज जातो. ८ पासून ‘अतिशय जास्त’, ११ पासून ‘टोकाचा’. फोनच्या हवामान ॲपमध्ये तो आकडा दिसतो. घड्याळ नको असेल तर सावली बघावी. ती आपल्यापेक्षा आखूड असली तर पडवीत बसायची वेळ.

आमच्या तीन वेळा अशा: पावणेआठला खोलीवरच, कोरड्या अंगाला, कपडे घालण्याआधी, म्हणजे मुरायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. साडेनऊला पाण्यातून बाहेर आल्यावर. आणि पावणेचारला. मधल्या वेळी टॉवेलने पुसलं की क्रीमही पुसलं जातं, टिकण्याची मिनिटं लेबलवर कितीही असोत. आधी अंग टिपायचं, गोड्या पाण्याने वाळू काढायची, मग लावायचं. वाळूवर चोळलेलं क्रीम म्हणजे पॉलिशपेपर. चमच्यात काढून दोनदा थोडं थोडं लावलं तर थर सारखा बसतो. हमखास राहणाऱ्या जागा: कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, भांग, गुडघ्यांच्या मागे, पावलांची वरची बाजू. साडी किंवा मोठ्या गळ्याचा कुडता घालून किल्ल्यावर जायचं असेल तर ब्लाउजच्या गळ्याची पाठ आणि कमरही धरायची.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिवशी जेटीवरून पहिल्या होड्यांपैकी एक गाठावी. आत सावली थोडी आहे, आणि शिवराजेश्वर मंदिरात चप्पल काढल्यावर तापलेल्या दगडावर उड्या मारत जावं लागतं. पातळ मोजे खिशात असले की तळवेही वाचतात आणि पावलंही. होडीत छप्पर असलं तरी क्रीम लावायचंच. फेसाळत्या पाण्यावरून साधारण २५ टक्के आणि कोरड्या वाळूवरून १५ टक्के किरण परत अंगावर येतात. सुरूच्या बनातली सावलीही विरळ असते, थंड वाटते म्हणून फसायला होतं. पाण्यात अर्धा मीटर खालीसुद्धा वरच्या किरणांपैकी ४० टक्के पोहोचतात, त्यामुळे गळ्यापर्यंत बुडून बसणं ही सावली नाही.

जेवणात मासळीवर लिंबू पिळलं की हात साबणाने धुऊनच उन्हात जायचं. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं तर एक-दोन दिवसांनी तिथे चट्टे, कधी फोड येतात, आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लोक ते भाजणं समजतात. एप्रिलात ओल्या काजूच्या टरफलाचं तेलही कातडी जाळतं. मुलांना बी फोडायला देऊ नये.

संध्याकाळी गोड्या पाण्याची अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. कोकमाचं तेल, म्हणजे तिथलं भिरंडेल, बाजारात मिळतं. भेगाळलेल्या टाचांना ते उत्तम. पण ते किंवा खोबरेल लावून उन्हात जाणं म्हणजे काहीच न लावता जाणं. अंग लाल होऊन आग होत असेल तर गार पाण्याची पट्टी, कोरफड, भरपूर पाणी. बर्फ थेट नको, टूथपेस्ट नको, आणि ‘रापलंय, उटणं लाव’ हा सल्ला तर मुळीच नको. दही-लिंबू त्याच दिवशी चोळलं तर भाजलेल्या जागी दुसऱ्यांदा भाजतं. फोड फोडायचे नाहीत. ताप, थंडी, उलट्या झाल्या तर डॉक्टर.

कपड्यांबद्दल एक. पांढऱ्या कॉलरवर धुतल्यानंतर गंजासारखे केशरी डाग दिसले तर ते मातीचे नसतात. अवोबेन्झोन असलेलं सनस्क्रीन आणि पाण्यातलं लोह यांचा तो संयोग. ब्लीच घातलं की डाग पक्का होतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून मग धुवावं.

परत आल्यावर बाटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. निघताना भरलेल्या बाटलीचं वजन मार्करने तळाशी लिहिलेलं असतं, उघडल्याची तारीखही. मोठ्यांच्या बाटलीत शंभर ग्रॅम उरलं असेल तर वाचवलेलं नाही, लावलेलंच नाही. कुणाचे पाय काळवंडलेत ते बघितलं की कुणी नाही लावलं तेही कळतं.