वाळ्याची नोंदवही : तिसरा पावसाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सांदवाडीतल्या कुंड्या, विटांची रास आणि शेणखताचा उकिरडा एवढ्याच जागेत मी वाळ्याच्या, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या छोट्या सापाच्या, नोंदी ठेवतो. यंदा मृगाच्या पावसाने काळ्या मातीच्या भेगा मिटल्या आणि तिसऱ्याच रात्री न्हाणीच्या मोरीपाशी पहिला वाळा दिसला. ऑगस्टअखेर नोंदी १९ झाल्या; गेल्या वर्षी त्या ११ होत्या.

आधी एक दुरुस्ती. पहिल्या दोन वर्षांत मी बारीक वाळ्यांपुढे ‘नर’ आणि जाड वाळ्यांपुढे ‘मादी’ असे लिहीत गेलो होतो. ते सगळे खोडून काढले आहे. ही जात केवळ माद्यांची असून तिच्या अंड्यांना नराची गरज लागत नाही. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणजे १४ च्या तिपटीने ४२. ही गोष्ट १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आली. जाड-बारीक हा फरक वयाचा आणि पोटातल्या अन्नाचा किंवा अंड्यांचा असावा, असे आता मला वाटते.

याच गुणामुळे कुंडीतल्या मातीबरोबर गेलेली एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. हवाई बेटांपासून अमेरिकेतील फ्लोरिडापर्यंत हा साप रोपांच्या मातीतून पोहोचला. माझ्या पहिल्या वर्षीच्या बहुतेक नोंदी रोपवाटिकेतून आणलेल्या मोगऱ्याच्या तीन कुंड्यांभोवतीच्या आहेत. तरीही आमच्याकडचे वाळे त्या कुंड्यांतूनच आले, असा दावा मी करणार नाही. विशाखापट्टणम परिसरातील ज्या सापाचे वर्णन आणि चित्र निसर्ग-अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यालाच फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०३ मध्ये शास्त्रीय नाव दिले. म्हणजे हा प्राणी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, आणि आमच्या उकिरड्यात तो कुंड्यांच्याही आधीपासून असू शकेल.

यंदाचे खरे काम खवल्यांचे झाले. जुलैत न्हाणीत खराट्याखाली सापडून एक वाळा मेला. त्याची लांबी १४ सेंटिमीटर भरली आणि जाडी उदबत्तीच्या काडीहून थोडी अधिक होती. दहापट भिंगाखाली ओल्या कापडावर ठेवून मानेमागे, मध्यावर आणि शेपटीच्या अलीकडे खवल्यांच्या ओळी मोजल्या. तिन्ही ठिकाणी २० आल्या. पोटाकडचे खवले इतर सापांसारखे रुंद नव्हते, पाठीसारखेच होते. डोळे म्हणजे खवल्याआड दिसणारे दोन काळे ठिपके. नाकपुडीखालची शिवण डोळ्यापुढच्या खवल्याला जाऊन मिळते का, हे पाहायला मला तब्बल दोन संध्याकाळी लागल्या. ती मिळते. जात ठरवताना या खुणेला मोठे महत्त्व असल्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. शेपटीच्या टोकाला बारीक काटा आहे. जिवंत वाळा हातात घेतला की तो हा काटा टोचतो. त्यामुळेच लोक त्याला दंश समजत असावेत. विष मात्र त्याला नाही आणि त्याचे इवलेसे तोंड माणसाला चावूही शकत नाही. शेजारच्या काकू अजून ‘कानात शिरतो’ म्हणून घाबरतात. त्यांना मी भिंगातून त्याचे खवले दाखवले. गांडुळाला वळ्या असतात, खवले नसतात, आणि जीभही नसते, एवढे त्यांना पटले.

खाण्याच्या नोंदी चारच आहेत. कुजलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली तो मुंग्यांच्या अळ्या आणि कोश भराभर गिळत होता. दात फक्त वरच्या जबड्याला असतात आणि तो जबडा झपाट्याने पुढेमागे हलवून भक्ष्य आत ओढले जाते. हे डोळ्यांना दिसत नाही, केवळ डोके थरथरल्यासारखे वाटते. उधई खाताना हा साप कित्येकदा तिचे डोके वेगळे करतो, असे २०१५ च्या जपानी संशोधनात आहे. ते पाहण्यासाठी त्या ढिगाशेजारी उधई लागलेले एक जुने लाकूड ठेवले आहे.

२८ ऑगस्टला दुसऱ्या कुंडीखाली चार अंडी मिळाली, पांढरी, लांबट, शेंगदाण्याहून लहान. ती न हलवता कुंडी पुन्हा तशीच ठेवली असून कडेला खडूने तारीख लिहिली आहे. घरच्यांना त्या कुंडीला पाणी बेताने घालायला सांगितले आहे.