कण्वांचा श्लोक चार आवाजांत : दोन चरण बसले

कालिदासाच्या शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते, तेव्हा तिला वाढवणारे कण्व ऋषी ‘यास्यत्यद्य शकुन्तलेति’ हा श्लोक म्हणतात. तो सोप्रानो, अल्टो (बायकांचा वरचा आणि खालचा आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचा वरचा आणि खालचा) अशा चार आवाजांत बसवतोय. पहिले दोन चरण आता गाण्याजोगे झालेत. किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं ते मराठी पदांतून. मला मात्र मूळ संस्कृत वृत्तच गाऊन बघायचं होतं.

वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात १९ अक्षरं, यती, म्हणजे मधला थांबा, १२व्या अक्षरावर. लघू अक्षराची एक आणि गुरूच्या दोन अशा मात्रा मोजल्या तर यतीपर्यंत १८ आणि पुढे १२. म्हणून सहा मात्रांचा दादरा ताल घेतला. तीन आवर्तनं, यती, मग दोन आवर्तनं. श्वास समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशीच मिळतो. खरी मजा आत आहे. लघुगुरू इमानाने पाळले की ‘शकुन्तलेति’मधला ‘ले’ सहाव्या मात्रेवर सुरू होतो आणि पुढची सम त्याच्या पोटात जाते. ‘उत्कण्ठया’च्या पहिल्या अक्षराचंही तेच. दर चरणात याच दोन जागी सम झाकली जाते. तिथे तिघं अक्षर धरून ठेवतात आणि एकटा बास समेवर ‘सा’ पुन्हा घेतो. कण्वांचा हुंदका असा वृत्तातूनच येतो, वरून काही घालावं लागत नाही.

अंक पहाटेचा, म्हणून राग पहाटेचा जोगिया. आरोहात सा, कोमल रे, म, प, कोमल ध एवढेच स्वर, पण त्यांत दोन सुरेख स्वरसंघात (एकत्र गायचे तीन-तीन स्वर, म्हणजे कॉर्ड) दडलेत: म-ध-सा आणि रे-म-ध. म आणि ध दोन्हींत समान. म्हणजे दोन आवाज जागचे हलत नाहीत आणि तिसरा फक्त सा वरून कोमल रे वर सरकतो. तेवढ्याने काळीज हलतं. याहून जास्त हार्मनी मी लावणार नाही, राग मोडतो.

दुसऱ्या चरणात ‘कलुषश्चिन्ता’ने घाम काढला. यती नेमकी ‘श्’ आणि ‘चि’च्या मधोमध येते. चौघांनी ‘श्’ म्हटला की नुसता फुसफुसाट, तोही मागेपुढे. आता तो एकट्या अल्टोकडे दिलाय. बाकीचे ‘ष’वर थांबतात. ऐकणाऱ्याला शब्द पूर्ण लागतो.

तिसरा चरण, ‘वैक्लव्यं मम’, बास एकटा गाईल. ऋषी तिथे स्वतःशी बोलतोय. चौथ्यात गृहस्थांचं दुःख येतं, तेव्हा सगळे परत. मात्रा मांडून पाहिल्या, तर या चरणातली दुसरी झाकलेली सम बरोबर ‘दुःखैः’च्या ‘दुः’मध्ये पडते. तिथे बासलाही ‘सा’ पुन्हा घ्यायला लावायचा नाही, असं ठरवतोय. कुणी शार्दूलविक्रीडित दादऱ्यात समूहाकडून गाऊन घेतलं असेल, तर अशी कुणीच न दाखवलेली सम गायकांनी कशी सांभाळली ते जरूर कळवा.