करंगळीचं काम

"यात गायक कधी येतो?"

सकाळचा हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. चालू होता 'नाइट्स इन शायनिंग कर्मा', म्हणजे मुंबईच्या 'झीरो' बँडचा गिटारिस्ट वॉरन मेंडोन्सा याचा 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने २००७ साली आलेला पहिला अल्बम. गायक येतच नाही हो, गिटारच गाते!

स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्यूम नॉब करंगळीला पोहोचेल इतका तारांजवळ. नॉब शून्यावर ठेवून तार छेडायची, मग करंगळीने हळूच उघडायचा. छेडल्याचा 'टण्' गायब, सूर नुसता उमलतो. घाई केली तर 'टण्' येतोच, उशीर केला तर सूर विझलेला.

आणि नॉब अर्ध्यावर आणला की आवाजाची धार जाते. त्यावर उपाय ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे ती धार पुढे जाऊ देणारा विजेचा छोटा भाग, नॉबखालच्या इनपुटच्या आणि मधल्या पायांमध्ये डकवलेला. स्वस्तातलं काम.

आता सांगा, ही करंगळी गायकीत धरायची की नाही?