पाइपातून आलेला क्यू

पूल-स्नूकर खेळायची काठी म्हणजे क्यू. ऑर्डरप्रमाणे कस्टम क्यू बनवणारे बरेच जण तो पीव्हीसीच्या पाइपात घालून कुरियर करतात, हे मला माहीत होतं. बायकोला नव्हतं. दारात पांढरा जाडजूड पाइप, दोन्ही टोकांना टोपणं, त्यावर टेपचे वेढेच्या वेढे, हे बघून ती म्हणाली, "अरे, कुणाचा तरी प्लंबर सामान विसरून गेलाय आपल्याकडे." मी काही बोललो नाही, पाइप उचलून आत आणला. ऑर्डर देऊन दोन वर्षं होत आली होती.

आणि उघडता येत नव्हता! शिकागोचा जानेवारी, क्यू बिचारा ट्रकमधे दोन-तीन दिवस गारठून आलेला, आणि बनवणाऱ्या म्हाताऱ्याने फोनवर आधीच दम भरलेला, की घरात आल्या आल्या उघडायचा नाही, एक रात्र तसाच आडवा पडू दे, गार लाकडाला एकदम गरम हवा लागली की फिनिशला बारीक बारीक तडे जाऊ शकतात. म्हणजे दोन वर्षं थांबलो ते थांबलोच, वर अजून एक रात्र, आणि तीही वस्तू घरात असताना. हीटरपासून लांब ठेवला. रात्री उठून बघूनही आलो. काय बघायचं होतं देव जाणे, पाइप होता.

मी खेळायला शिकलो पुण्यात, आणि ते स्नूकर. स्वतंत्र भारताचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेला, 1958 साली बिलियर्ड्समधे जिंकला, हे आमच्या पार्लरचे मालक येणाऱ्या प्रत्येक नवीन पोराला ऐकवायचे आणि मग लगेच तासाचा रेट सांगायचे. तिथले क्यू ॲशचे, टिप जेमतेम 9-10 मिलिमीटरची, बुडाला एका बाजूने चपटे. ॲशच्या लाकडात टोकदार रेषा दिसतात, त्या वर येतील असा क्यू धरायचा म्हणजे दर शॉटला तीच बाजू वर. अमेरिकेत आलो तर ऑफिसच्या आसपास स्नूकरचं टेबल औषधालाही नाही, सगळीकडे पूल, मग काय, नाही नाही म्हणत पूल लागलंच. क्यू मेपलचा, साधारण 58 इंच, वजन 19 औंस म्हणजे 540 ग्रॅमच्या आसपास, टिप चांगली 13 मिलिमीटरची, पहिले काही दिवस तर मला झाडूने खेळतोय असंच वाटायचं.

आता एक गोष्ट सरळ सांगून टाकतो, कस्टम क्यूने खेळ सुधारत नाही. आमच्या लीगमधे एक जण भिंतीवरच्या रॅकमधला कुठलाही क्यू उचलतो, टेबलावर लोळवून फार वेडावाकडा नाही ना एवढं बघतो आणि मला आरामात हरवतो. शिवाय आता कार्बन फायबरचे शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा अर्धा भाग, मिळतात, ते वाकत नाहीत, त्यांना हवामान कळत नाही, ऑर्डर केलं की चार दिवसांत घरी. माझा मित्र ते वापरतो आणि मला दर गुरुवारी विचारतो, "आला का रे तुझा?" त्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला लाकडाचाच हवा होता, बास.

ऑर्डर देणं म्हणजे वेबसाइटवर बटण दाबणं नव्हतं. म्हातारा एकटाच काम करतो, मेलला उत्तर देत नाही, फोन उचलतो पण मधेच "थांब जरा, लेथ चालू आहे" म्हणून ठेवून देतो आणि परत करेलच असं नाही. पहिल्या कॉलला त्याने डिझाइनबद्दल अक्षरही काढलं नाही. उंची किती, हात किती लांब, मागचा हात नेमका कुठे धरतोस, तळव्याला घाम येतो का, ब्रेकही, म्हणजे डाव उघडणारा पहिला शॉट, याच क्यूने करणार का? मी म्हटलं नाही, ब्रेकला वेगळा आहे, तर म्हणाला बरं झालं, नाहीतर दुसरा कोणी शोध म्हटलं असतं. घाम येतो म्हटल्यावर मुठीच्या जागी गुंडाळायचा रॅप आयरिश लिननचा ठरला. लेदर हवं होतं मला, पण तिथे माझं फार चाललं नाही. ॲडव्हान्स घ्यायलाही तयार नाही, म्हणे काम सुरू केलं की सांगतो. पुण्याला बाबांना हे सांगितलं तर त्यांना ते पैशांचं फारच आवडलं. "वॉरंटी आहे का?" तेवढं मात्र विचारलं.

मग महिनोन्महिने काही नाही. मी अधूनमधून फोन करायचो, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या वगैरे असं निमित्त काढून, त्याला अर्थातच कळायचं. एकदा म्हणाला, "माझं काम मी तीन आठवड्यांत संपवेन रे, लाकूड संपवू देत नाही."

ते मला नंतर नीट समजलं. शाफ्ट पांढरा, साधा, नक्षी नाही काही नाही, कोणी त्याचा फोटो काढत नाही, पण खेळ सगळा तिथे. हार्ड मेपलची चौकोनी पट्टी घ्यायची, लेथवर गोल करायची आणि टांगून ठेवायची, टोकाला अडकवून सरळ खाली लोंबती. लाकडात ताण असतो, थोडं वरचं काढलं की आतला ताण सुटतो आणि ते हळूच एका बाजूला झुकतं. काही आठवड्यांनी परत एक बारीक थर काढायचा, परत टांगायचं. परत, परत. एकदम कापलं तर त्या दिवशी सरळच दिसेल, पण पुढच्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाच्या हातात केळं होईल. या टांगण्यात बरेच शाफ्ट नापास होतात, त्यांचं काय करता म्हणून विचारलं तर म्हणाला टोमॅटोच्या झाडांना आधाराला लावतो. जगातले सगळ्यात महागडे टोमॅटो असणार ते. म्हणजे मी ज्याला उशीर उशीर म्हणत होतो त्या बहुतेक काळात माझा क्यू छताला लोंबत होता, त्याला कोणी हात लावत नव्हतं, आणि तेच काम चाललं होतं. त्याला फोन करून "कुठवर आलं?" विचारण्यात काही अर्थच नव्हता. पुढेही विचारत राहिलो, ती गोष्ट वेगळी.

तर सकाळी उघडला. टोपण निघता निघेना, पाइपात वरून फोम खालून फोम, मधे गुंडाळलेले दोन तुकडे. बट, म्हणजे मागचा अर्धा भाग, आधी काढला.

बर्ड्स-आय मेपल, म्हणजे ज्यात बारीक बारीक डोळे असल्यासारखे ठिपके दिसतात ते, त्यात वर चढत जाणारे एबनीचे काळेकुळकुळीत चार पॉइंट, प्रत्येकाला हिरव्या आणि नारिंगी व्हिनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्टीची, कड. मला वर्षानुवर्षं वाटायचं की हे टोकदार त्रिकोण कोणीतरी कापून चिकटवत असणार. तसं नसतं. बटच्या लाकडात लांब तिरक्या खाचा पाडतात, इंग्रजी व्ही असते तशा, त्यात एबनीची पाचर सरसाने बसवतात आणि मग सगळंच लेथवर गोल करत नेतात. खाच वरच्या बाजूला उथळ होत जाते, त्यामुळे गोल करताना पाचरही निमुळती होत होत एका जागी संपते, ती संपते तिथे टोक. टोक कोणी कापत नाही, ते उरतं. आणि लेथवर लाकूड केसभर जरी मधोमध नसलं तरी एक पॉइंट शेजारच्यापेक्षा उंच होतो आणि ते लपवता येत नाही. मी स्केल लावून बघितलं. हो, बघितलं. चारी सारखे.

जुन्या काळी रशियात जन्मलेला जॉर्ज बालाबुष्का ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट नावाचे साधे एकसंध क्यू घ्यायचा, ते कापून त्यातून आपले क्यू घडवायचा. 1975 मधे गेला, आज त्याच्या क्यूवर कलेक्टर मंडळी अक्षरशः तुटून पडतात. पूलचा गाजलेला खेळाडू विली मॉस्कोनी, त्याच्यासाठी क्यू बनवणारा हर्मन रॅम्बो तर आमच्या शिकागोचाच. टिपला घासायचा खडूसुद्धा इथलाच, 1897 साली शिकागोत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी पेटंट घेतलं, आणि त्यात खडू नसतोच, सिलिका आणि कुरुंदाची पूड असते. या गावात राहून मी पुण्याहून शिकून आलोय म्हणून मिरवत होतो.

माझी स्वतःची म्हणावी अशी एकच मागणी होती, रॅपच्या खालचा भाग शिसवीचा हवा. आजोबांकडे शिसवी कपाट होतं, ते काकांकडे गेलं, त्याची काही तक्रार नाही, पण तो जांभळट काळा रंग डोक्यात राहिला होता. म्हाताऱ्याकडे भारतीय शिसव होतं, पूर्वीच घेऊन ठेवलेलं, कारण 2017 पासून त्या जातीच्या सगळ्याच झाडांच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आलेत. कुठल्या जंगलातलं ते त्यालाही माहीत नाही. सह्याद्रीत शिसव होतं, एवढ्यावर मी ते आपल्याकडचंच धरून चालतो. फेरूल, म्हणजे टिपच्या खालचा पांढरा तुकडा, पूर्वी हस्तिदंताचा असायचा, माझा सिंथेटिक आहे आणि ते उत्तमच आहे, हत्तीच्या दातावर मला पूल खेळायचं नाही.

दोन्ही तुकडे जोडले. पिन शेवटच्या आट्यापर्यंत गेली आणि जोड बोटाला लागेना. जेवणाच्या टेबलावर लोळवला, कुठेही उडी नाही, थरथर नाही. मुलगी तेवढ्यात येऊन म्हणाली, "हाच का तो? मला वाटलं मोठा असेल."

गुरुवारी लीगला नेला. बार तसाच, शेजारच्या टेबलावर कोणीतरी बिअर सांडलेली, मित्राने आल्या आल्या हातात घेतला, फिरवून बघितला, एक शॉट मारला आणि काही न बोलता परत दिला, जे त्याच्याकडून खूप आहे. मारताना हाताला जे लागतं ते सांगणं अवघड आहे. कार्बनचा आवाज जरा पोकळ येतो, फॅक्टरीतल्या क्यूत जॉइंटपाशी काहीतरी किंचित अडल्यासारखं वाटतं, इथे बॉलला लागलेलं थेट मागच्या हातात येतं, कमी लागलं, जास्त लागलं, जरा डावीकडे लागलं, सगळं कळतं. त्यामुळे चुकलेला शॉट बॉल पॉकेटपर्यंत पोचायच्या आधीच कळतो, ही सोय म्हणावी की शिक्षा ते ज्याने त्याने ठरवावं. मॅच हरलो. शेवटचा नऊ नंबरचा बॉल पॉकेटच्या जबड्यात अडकला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला फोन केला. त्याने पहिलंच विचारलं, एक रात्र ठेवला होतास ना? हो म्हटलं. मग कसा लागतो, वजन पुढे वाटतं का मागे, पंधरा मिनिटं तेच. ऑर्डर खरं तर दोन शाफ्टची होती आणि पाइपात एकच आला होता, ते मी अगदी सहज आठवल्यासारखं काढलं. दुसरा शेवटून दुसऱ्या कापाला हलला म्हणे, टोमॅटोकडे गेला, नवीन टांगलाय. मग त्याचे पैसे आत्ता पाठवून देऊ का? नको म्हणाला, आधी सरळ राहतोय का बघू.

बायकोने पलीकडून विचारलं, "म्हणजे आता परत फोन सुरू?"