पिवळं चिन्ह गेलं, भांडण राहिलं

सावद्याच्या एका केळी-व्यापाऱ्याच्या घरचा पीसी. इंटरनेट लावायला गेलं की माउस जागच्या जागी थिजतो, आणि नंबर लागलाच तरी एक मेल उतरायला चहा पिऊन होतो. आधीच्या कारागिराने दोनदा फॉर्मेट मारून विंडोज ९८ नव्याने टाकलं होतं. निदान जमलं नाही की फॉर्मेट, हा आमच्या धंद्याचा रोगच आहे.

माउस सीरियल, कॉम-१ वर (कॉम म्हणजे सीरियल पोर्टचा नंबर). मोडेम, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारं कार्ड, आतला, कॉम-३ वर; आयएसए या जुन्या जातीच्या स्लॉटमधला, जंपरवाला, म्हणजे पत्ता आणि लाइन पिनांवरच्या टोपणांनी ठरवायची असा. एवढ्यावरच संशय यायला हवा. कॉम-१ आणि कॉम-३ चे पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८, पण दोघांचा ठरलेला आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला ‘इकडे बघ’ सांगायची लाइन, एकच, ४. कॉम-२ आणि कॉम-४ चा ३. पीसीआय या नंतरच्या जातीची कार्डं एक लाइन वाटून घेऊ शकतात, कारण तिथे लाइनची पातळी बघितली जाते. आयएसएमध्ये सिग्नल खालून वर चढण्याचा क्षण पकडतात. एका कार्डाने लाइन धरून ठेवली की दुसऱ्याचा इशारा पोचतच नाही.

पण विंडोजमधली यंत्रभागांची यादी, डिव्हाइस मॅनेजर, स्वच्छ. टक्कर दाखवणारं पिवळं उद्गारचिन्ह कुठेच नाही. मोडेमच्या कॉम-३ पुढे आयआरक्यू १०.

कॅबिनेट उघडल्यावर कळलं. कार्ड ८ बिटचं, आखूड कडेचं. आयआरक्यू १०, ११, १२, १४, १५ या लाइन १९८४ च्या पीसी-एटीबरोबर आल्या आणि त्या स्लॉटच्या मागच्या, जोड तुकड्यात आहेत. हे कार्ड त्या तुकड्याला शिवतसुद्धा नाही. १० वर ते जाणंच शक्य नाही. जंपर ४ वर होता. कुणीतरी ‘यूज ऑटोमॅटिक सेटिंग्ज’ची खूण काढून हाताने १० लिहिलं आणि चिन्ह घालवलं. विंडोजला जंपर दिसत नाही, त्याने ऐकलं.

दोन्ही तक्रारींचा उलगडा इथेच होतो. डायलर पोर्ट उघडतो तेव्हा मोडेमच्या यूएआरटी या सीरियल चिपचा आउट-२ पिन चालू होतो, आणि तेव्हाच कार्ड आयआरक्यूची लाइन हातात घेतं. म्हणून एरवी माउस ठणठणीत. इकडे विंडोज १० वर वाट बघतंय आणि इशारा येतोय ४ वर, म्हणून मोडेम रखडत चालतो. नुसती टक्कर असती तर चिन्हाने वाट दाखवली असती. माझ्या डोक्यातून जात नाही ते हे, की कुणीतरी चिन्हच दुरुस्त केलं.

मोकळी लाइन शोधली. ५ साउंड कार्डकडे, ७ प्रिंटरकडे. वजनाच्या पावत्या त्यावरच निघतात. उरला ३. कॉम-२ ला काही जोडलेलं नव्हतं, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड सीरियल पोर्ट २ ‘डिसेबल्ड’ केला. ‘ऑटो’ ठेवू नये, तो पोर्ट परत जागा धरतो. मोडेमचे जंपर हलवले, पत्ता २एफ८ आणि आयआरक्यू ३, दोन्ही.

सुरू होताना पॉज दाबून पीसीआयचा तक्ता वाचला, तर ३ यूएसबी कंट्रोलरने पळवलेला! जंपरवालं कार्ड बायोसला ‘मी इथे आहे’ असं सांगू शकत नाही, त्याला लाइन रिकामी वाटते. पीएनपी/पीसीआय पानावर आयआरक्यू-३ ‘लेगसी आयएसए’ला राखून ठेवला, ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा चालू केला, तेव्हा यूएसबी ११ वर सरकला. मग डिव्हाइस मॅनेजरमधून मोडेम आणि जुना कॉम-३ दोन्ही काढून ‘अ‍ॅड न्यू हार्डवेअर’. डायग्नोस्टिक्समध्ये ‘मोअर इन्फो’ दाबलं की मोडेम झटकन उत्तर देतो, माउसही हलतो.

“एवढंसं टोपण इकडचं तिकडं केलं, त्याचे काय पैसे भो?” असं शेठ म्हणालेच. फॉर्मेटला तीन तास लागतात, पडद्यावर निळी पट्टी सरकते, त्याचे लोक मुकाट देतात.

आता त्यांना भारनियमनापायी यूपीएस घ्यायचाय, आणि त्याची केबल सीरियल. कॉम-१ माउसकडे, कॉम-२ बंद. बोर्ड एटी जातीचा आहे, गोल पिनेच्या पीएस/२ माउससाठी पिना आहेत पण सॉकेटची पट्टी नाही. ती पट्टी जळगावात मिळाली तर पीएस/२ माउस आयआरक्यू १२ वर जाईल आणि कॉम-१ यूपीएसला मिळेल. पट्टीच्या पिनांची मांडणी मात्र बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडूनच लावायची. सगळ्या बोर्डांची सारखी नसते.